लष्कर थांबलं तेव्हा

निम्बालकर की गोठ, कंपू, हुजरात, शिंदे की छावनी, फालका बाज़ार. ग्वाल्हेरच्या रिक्षावाल्याला ही रोजची नावं. सवारी कुठली आणि भाडं किती, एवढाच त्याचा त्यांच्याशी संबंध. मराठी कानाला मात्र ती थबकवतात. ही वस्त्यांची नावं वाटतच नाहीत, मोहिमेवर निघालेल्या फौजेच्या यादीतून उतरवून घेतल्यासारखी वाटतात. आणि या सगळ्या वस्त्या ज्या भागात आहेत त्याचं नाव लश्कर. पाटीवर ‘लश्कर’, तिथल्या मराठी घरांत ‘लष्कर’. ‘आम्ही लष्करात राहतो’ असं तिथल्या माणसाने पुण्यात येऊन सांगितलं, तर ऐकणारा एकतर त्याची रेजिमेंट विचारील, नाहीतर कॅम्पातली गल्ली. कारण पुण्याच्या कॅम्पाचंही मराठी नाव लष्कर, आणि तिथलं पोलीस ठाणंही लष्कर पोलीस ठाणं.

आजचं ग्वाल्हेर तीन गावांचं मिळून झालं आहे. किल्ल्याच्या उत्तरेच्या पायथ्याशी जुनं ग्वाल्हेर, महंमद घौसचा मकबरा आणि तानसेनची कबर असलेलं. पूर्वेला मुरार, इंग्रजांनी वसवलेली छावणी. दक्षिणेला लष्कर. पहिलं शतकानुशतकांचं, दुसरं आखून बांधलेलं. तिसऱ्याबद्दल ‘वसवलं’ हा शब्द वापरायलाही जीभ कचरते. तिथे एक फौज चालता चालता थांबली आणि पुढे निघालीच नाही.

थांबायची तिला सवय नव्हती. महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले. मागे गादीवर आलेले दौलतराव, महादजींच्या भावाचे नातू, तेव्हा पंधराच्या आतबाहेरचे. कागदावर शिंद्यांची राजधानी उज्जैन. प्रत्यक्षात जिथे डेरा पडेल तिथे राजधानी, मग तो पुण्याच्या वेशीवर असो की यमुनेच्या काठी. वसुली डेऱ्यात यायची, न्यायनिवाडा डेऱ्यात व्हायचा, लग्नं डेऱ्यात लागायची.

१८०३ साली या फिरत्या राज्यावर घाव बसला. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला आर्थर वेलस्लीने दौलतरावांची फौज मोडली. १ नोव्हेंबरला उत्तरेत लासवारीला जनरल लेकने उरलेल्या पलटणी संपवल्या. २९ नोव्हेंबरला वऱ्हाडात आडगावला पुन्हा पराभव झाला. ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावच्या तहावर सही झाली आणि दिल्ली, आग्रा, दोआब हातचं गेलं. ग्वाल्हेरचा किल्लाही गेला होता. तो आणि गोहद नोव्हेंबर १८०५ च्या तहाने परत मिळाले, आणि पुढच्या गोष्टीचं बी त्या एका कलमात आहे. किल्ला परत मिळाला तरी दौलतराव त्यात जाऊन बसले नाहीत. आणखी चार-पाच वर्षं त्यांचा डेरा राजपुतान्यात फिरत राहिला, कारण फौजेला पगार देण्यापुरता पैसा एका जागी बसून मिळत नव्हता. तो दारोदार जाऊन वसूल करावा लागे.

त्या फिरतीचा डोळ्यांदेखतचा वृत्तांत उपलब्ध आहे. कंपनीचे रेसिडेंट ग्रेम मर्सर दौलतरावांच्या डेऱ्याबरोबर हिंडत असत, आणि त्यांच्या संरक्षणाच्या तुकडीवर टॉमस ड्युअर ब्राउटन नावाचा अधिकारी होता. १८०९ या एका वर्षात त्याने आपल्या भावाला पत्रं लिहिली आणि ती १८१३ साली लंडनला पुस्तकरूपाने निघाली. माणूस गर्विष्ठ, मराठ्यांविषयी बरंवाईट बोलताना वाईटाकडे झुकणारा. पण बघायची नजर पक्की. मुक्काम बदलायचा ठरला की आधी बिनीवाला पुढे जातो, हे त्याने नीट टिपून ठेवलं आहे. हा बिनीवाला जागा हेरून एक लहानसं पांढरं निशाण रोवतो. तिथे महाराजांची देवडी. मग वेगवेगळ्या बाजारांची निशाणं लागतात, नेहमी त्याच क्रमाने, जमेल तितक्या सरळ रेषेत. दुकानं समोरासमोर दोन रांगांत उभी राहतात आणि फौजेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबच लांब रस्ता तयार होतो. सरदार आपापल्या माणसांसह या रस्त्याच्या उजव्या-डाव्या अंगाला उतरतात. जमीन कुठलीही असो, नकाशा तोच. कालच्या मुक्कामावर ज्याला सराफाचं दुकान ठाऊक होतं त्याला आजच्या मुक्कामावरही ते विचारावं लागत नसे.

बिनीवाल्यातली ‘बिनी’ म्हणजे फौजेची आघाडी. फारसीत बीनी म्हणजे नाक. सैन्याचं नाक आधी पोचतं, मग बाकीचं अंग. मराठीत ही बिनी फौजेबाहेर अजून जिवंत आहे. बिनीचे शिलेदार राजकारणात असतात, बिनीचे फलंदाज क्रिकेटमध्ये. निशाण रोवायला पुढे धावणारा तो घोडेस्वार आता कुणाला आठवत नाही.

याच डेऱ्याबरोबर जेम्स टॉड नावाचा तरुण अधिकारीही हिंडत होता. शिंद्यांचा मुक्काम जिथे हलेल तिथले रस्ते, नद्या, डोंगर तो मोजत गेला. त्यातून राजपुतान्याचा नकाशा तयार झाला आणि १८१५ साली गव्हर्नर जनरलच्या हाती पडला. राजस्थानचा पुढे गाजलेला इतिहासकार शिंद्यांच्या पाठोपाठ चालून घडला, हे राजस्थानात फारसं सांगितलं जात नाही आणि आपणही सांगत नाही.

डेऱ्यातलं जगणं सुखाचं नव्हतं. पगार थकलेले शिपाई देवडीवर धरणं धरून बसत. दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे, ज्यांच्या नावाने पुणेकरांनी बोटं मोडली होती, ते १८०९ मध्ये याच फिरत्या छावणीत मारले गेले. डेऱ्यातल्या घराण्यांची नावंही लष्करात राहिली; तिथला फालका बाज़ार फाळके घराण्याचं नाव सांगतो. हिंदीत ‘ळ’ नसल्यामुळे फाळक्यांचं फालका झालं, आणि आता तिथे कपडे, भांडी घेणाऱ्यांना हे आडनाव आहे याचाही पत्ता नसतो.

१८१० च्या सुमाराला हा डेरा ग्वाल्हेरला आला आणि किल्ल्याच्या दक्षिणेला मोकळ्या मैदानावर उतरला. कुणी मुहूर्त पाहून राजधानी हलवली, असं काही झालं नाही. किल्ला हाताशी होता आणि त्यात तोफा, दारूगोळा, खजिना ठेवता येत होता. इंग्रजांच्या मुलखाची हद्द फार लांब नव्हती आणि त्यांच्यावर नजर ठेवता येत होती. त्यांचीही आपल्यावर नजर राहत होती. दोआब गेल्यावर उत्तरेत पाय ठेवायला एवढीच भक्कम जागा उरली होती. मला वाटतं दौलतरावांच्या मनात हा एक लांबलेला मुक्कामच असावा. पण पावसाळा आला, तंबूंच्या जागी गवताची छपरं आली, छपरांच्या जागी भिंती. देवडीच्या जागी गोरखीचा वाडा उभा राहिला, तिथे शिंद्यांचं देवघर आलं. वाड्यापुढच्या चौकाला लोक ‘बाड़ा’ म्हणू लागले, आणि महाराज बाड़ा आजही शहराचा मध्य आहे. डेऱ्यातला सराफ सराफ्यात बसला. बाहेरचे लोक या सगळ्याला ‘लष्कर’ म्हणतच होते. गावाला वेगळं नाव द्यायचं राहूनच गेलं. शंभर वर्षांनी इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये ग्वाल्हेर संस्थानची राजधानी म्हणून नोंद झाली ती ‘लष्कर’ या नावानेच.

हा शब्द मुळात फारसी. अर्थ सरळ, फौज. मराठीने तो घेतला तेव्हा त्याची मुंज लावली. फारसी ‘श’ काढून संस्कृत वळणाचा ‘ष’ घातला. शुष्क, निष्काम या शब्दांच्या पंगतीत लष्कर बसलं की कुणाला ते परकं वाटत नाही. हिंदीने ‘लश्कर’ तसंच ठेवलं. म्हणून ग्वाल्हेरमध्ये एकाच गावाचं स्पेलिंग पाहून लिहिणाऱ्याची मातृभाषा ओळखता येते. मराठीत त्याला एक वाक्प्रचारही चिकटला आहे. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं. गावावरून फौज जाऊ लागली की बायकांना चुलीपुढे बसवून भाकऱ्या थापून घेत, आणि मोबदल्याचं नाव काढायची सोय नसे. ती चीड या वाक्प्रचारात अजून आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरात मात्र लष्करच्या भाकऱ्या म्हणजे नुसतं रोजचं जेवण.

फारसीतून हा शब्द जिकडेतिकडे गेला आणि जिथे गेला तिथे अंग बदलत गेला. अरबांनी तो ऐकला आणि सुरुवातीचा ‘ल’ आपल्या भाषेतला ‘अल’ आहे असं समजून वेगळा काढला. राहिलं ‘अस्कर’. त्याचं अस्करी झालं, ते अरबी व्यापाऱ्यांबरोबर पूर्व आफ्रिकेत उतरलं आणि स्वाहिलीत शिपाई, पोलीस, पहारेकरी अशा अर्थांनी रुळलं. नैरोबीत राहिलेल्या मराठी कुटुंबांना फाटकावरचा अस्करी चांगला ओळखीचा आहे. मुळात तो आणि आपलं लष्कर एकच. पोर्तुगीजांनी देशी शिपायाला ‘लास्करीम’ म्हटलं, आणि सिलोनमध्ये त्यांच्या बाजूने लढणाऱ्या सिंहली शिपायांना हेच नाव पडलं. इंग्रजांच्या तोंडी त्याचं ‘लास्कर’ झालं आणि हुद्दा एकदम खाली घसरला. कंपनीच्या तोफखान्यात तोफा ओढणारा, तंबू ठोकणारा हलका नोकर तो लास्कर, आणि जहाजावर डोलकाठी चढणारा, पुढे बॉयलरमध्ये कोळसा लोटणारा देशी खलाशीही लास्कर. रत्नागिरी जिल्ह्यातली किती घरं मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर अशी लास्कर म्हणून गेली! त्यांची अशी एक खिचडी भाषा होती, आणि टॉमस रोबकने १८११ साली कलकत्त्याला तिचा कोशच छापला. लंडनच्या गोदीत हे खलाशी इतके अडकून पडत की १८५७ साली लाइमहाउस भागात त्यांच्यासाठी ‘परदेशी पाहुण्यांचं घर’ काढावं लागलं. आंध्र-तेलंगणात पाटबंधारे खात्यात कालव्याचे दरवाजे उघडणारा कर्मचारी आजही लास्करच. राजाची फौज म्हणून निघालेला शब्द शेवटी पाण्याच्या फळीपाशी येऊन उभा राहिला.

गावांना हे नाव देणारे शिंदेच एकटे, असंही नाही. अफगाणिस्तानात हेलमंदच्या काठी लष्करगाह आहे, गझनवी सुलतानांच्या फौजेच्या तळावर उभं राहिलेलं. हैदराबादकर सिकंदराबादला लष्कर म्हणतात. तिथल्या उज्जैनी महाकाली देवळातला आषाढातला उत्सव ‘लष्कर बोनालू’ या नावानेच गाजतो. पटकीच्या साथीत उज्जैनला तैनात असलेल्या पलटणीतल्या एका डोली वाहणाऱ्याने तिथल्या महाकालीला नवस केला आणि परतल्यावर, १८१५ मध्ये, हे देऊळ बांधलं असं सांगतात. शिंदे ज्या उज्जैनहून लष्करला आले, तिथलीच देवी वेगळ्या वाटेने दुसऱ्या लष्करला गेली. वायव्य सरहद्दीवर लष्कर म्हणजे टोळीवाल्यांनी एका स्वारीपुरती जमवलेली माणसं. ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवर जी उतरली ती अशी. वर्तमानपत्रांत हा शब्द आणखी एका अर्थाने येतो, तो इथे सांगायची गरज नाही.

तुर्कीतला ‘ओर्दू’ उलट्या दिशेने गेला. त्याचा अर्थ तळ, मुक्काम. दिल्लीच्या बादशाही तळाच्या भाषेला त्यावरून उर्दू हे नाव मिळालं, तुर्कस्तानात आज ओर्दू म्हणजे सैन्य, आणि युरोपात त्याचा अर्थ रानटी झुंड. तळाची भाषा झाली, फौजेचं गाव झालं.

लष्करातला कंपू मात्र वेगळ्या घराण्यातला. रोममध्ये नगराच्या कडेला एक मोकळं मैदान होतं, तिथे सैन्य कवायत करी. लॅटिनमध्ये मैदान म्हणजे कॅम्पस. त्याचं पोर्तुगीजमध्ये कांपो झालं, इंग्रजीत कॅम्प. हिंदुस्थानात पोर्तुगीज आधी आले, म्हणून आपल्याकडे जिभेवर बसलं ते कंपू. १८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या जुन्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात कंपू हा शब्द आहे आणि त्याचा खास अर्थही दिला आहे: मराठ्यांच्या चाकरीतल्या, युरोपियन सरदारांच्या हाताखालच्या कवायती पलटणी.

तो अर्थ महादजींनी घडवला. बेनुआ द बॉयन हा आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या शांबेरीचा माणूस. फ्रेंचांच्या, रशियनांच्या, कंपनीच्या फौजांत नशीब आजमावून १७८४ साली तो महादजींकडे आला. दोन पलटणींपासून सुरुवात केली. १७९० च्या पाटण आणि मेडत्याच्या लढायांत त्याच्या पायदळाने राजपुतांच्या नामांकित घोडदळाला जागच्या जागी थोपवलं, तेव्हा ब्रिगेडमागून ब्रिगेड उभी राहिली. एकेक ब्रिगेड म्हणजे एक कंपू. निशाणावर सव्हॉयचा पांढरा क्रूस, आणि पगार ठरल्या तारखेला, कारण त्यासाठी अलीगढच्या आसपासचे परगणे तोडून दिले होते. बाकीच्या फौजेचा पगार महिनोन् महिने थकत असताना कंपूचा वेळेवर होई. यातून कंपू म्हणजे आपल्यातलाच पण आपला नसलेला, स्वतःचे कायदे, स्वतःचा हिशेब असलेला गट, ही भावना रुजली असावी. मराठीत आज कंपू म्हणजे आपापसात संगनमत असलेली मंडळी. साहित्यातला कंपू, विद्यापीठातली कंपूशाही. या अर्थाचा पत्ता मला कुठल्या कोशात लागत नाही, पण द बॉयनच्या वेळेवर मिळणाऱ्या पगाराकडे माझं बोट आपोआप जातं.

द बॉयन १७९६ मध्ये युरोपला परत निघाला. त्याच्या जागी आलेला पेरों १८०३ च्या ऐन युद्धात इंग्रजांना मिळाला, त्याचे बरेच गोरे सरदारही सोडून गेले. पण लासवारीला उरलेल्या पलटणी साहेबांशिवाय अशा लढल्या की लेकने त्यांची तारीफ केली. त्या पराभवातून दौलतरावांनी पुन्हा पायदळ उभारलं. नेपल्सहून आलेलं फिलोज घराणं आता कंपूचं सरदार होतं. लष्कराच्या दक्षिणेला जिथे या कवायती पलटणी उतरल्या ती जागा कंपू. फिलोजांच्याच पुढच्या पिढीतल्या मायकेल फिलोज यांनी महाराज जयाजीरावांसाठी जयविलास महाल बांधला, १८७४ मध्ये. तोवर कंपूत लढायचं काम उरलं नव्हतं. आज तिथे कमलाराजा मुलींचं महाविद्यालय आहे, आणि कंपूचं कॅम्पस झालं म्हणावं तर शब्द फिरून लॅटिनच्या दारात आला आहे.

गोट हा शब्द देशी. सरदाराचा तळ तो गोट. मोठ्या रस्त्याच्या कडेला जे सरदार उतरत त्यांचे गोट वेगवेगळे असत. होळकरांच्या गोटात काय शिजतंय ते शिंद्यांच्या गोटाला कळावं म्हणून हेर फिरत. म्हणून मराठीत आजही पक्ष बदलणारा आमदार विरोधी गोटात जातो, आणि बातमीदार सत्ताधारी गोटातून माहिती मिळवतो. शब्दाला फौजेचा वास असूनही तो कुणाला येत नाही. ग्वाल्हेरला निंबाळकरांचा गोट पडला तो तिथेच राहिला. निंबाळकरांची घोडी गेली, आणि हिंदीत गोट ही गोठ होऊन बसली. निम्बालकर की गोठ म्हटलं की आता गल्ल्या, दुकानं, स्कूटर. गाईंचा गोठाही डोळ्यांपुढे येतो कुणाच्या, पण त्या शब्दाशी हिचं नातं नाही.

हुजरातचंही तेच. हुजूर म्हणजे सन्निध, समोर. धन्याच्या अगदी जवळची, खास दिमतीची फौज ती हुजुरात. मराठीत तिचा कसा कचरा झाला पाहा! हुजऱ्या म्हणजे मागे मागे करणारा, हुजरेगिरी म्हणजे लाळघोटेपणा. पेशवाई संपल्यावर हुजुरातीची शान उरली नाही, उरले फक्त मुजरे. ग्वाल्हेरमध्ये हुजरात एक वस्ती आहे, तिथे ना शान ना निंदा. मला हा फरक फार बोलका वाटतो. महाराष्ट्रात फौज मोडली, मुलूख गेला, आणि फौजेचे शब्द टोमणे होऊन राहिले: हुजऱ्या, कंपू, बाजारबुणगे, खोगीरभरती. ग्वाल्हेरला फौज मोडली पण जागा राहिली, म्हणून शब्द पत्ते होऊन राहिले.

छावणी या शब्दाची दोन्हीकडे वेगळीच गत झाली. पावसाळ्याचे चार महिने नद्या अडवत, घोड्यांना चिखल अडवी, तेव्हा फौज एका जागी गवताने शाकारलेल्या झोपड्या बांधून राही. तिला छावणी म्हणत. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, छपरं तशीच टाकून निघायचं. महाराष्ट्रात दुष्काळात हा शब्द पुन्हा कामाला आला, चारा छावणी म्हणून, आणि बीड-धाराशिवच्या शेतकऱ्याला छावणी म्हटलं की शिपाई आठवत नाहीत, पत्र्याखाली दाव्याला बांधलेली जनावरं आठवतात. ग्वाल्हेरला ‘शिंदे की छावनी’ उरली. तिच्यात एक गंमत आहे: घराणं उत्तरेत केव्हाच सिंधिया झालं, पण वस्तीच्या नावात ते अजून शिंदेच आहे.

दौलतराव १८२७ मध्ये गेले. त्यांच्या मागे गादीवर आलेले जनकोजीराव ७ फेब्रुवारी १८४३ रोजी निपुत्रिक वारले, आणि त्यांच्या विधवा, तेरा वर्षांच्या आतबाहेरच्या ताराबाईंनी आठेक वर्षांच्या मुलाला, जयाजीरावांना, दत्तक घेतलं. कारभार कुणाच्या हाती, यावरून दादा खासगीवाल्यांचा पक्ष आणि विरुद्ध पक्ष भांडत बसले. खरी सत्ता मात्र लष्करातल्या पलटणींच्या हाती होती. गावाचं नाव लष्कर आणि गाव लष्कराच्या ताब्यात, असं ते वर्ष होतं. गव्हर्नर जनरल एलनबरोला हेच हवं होतं. २९ डिसेंबर १८४३ रोजी एकाच दिवशी दोन लढाया झाल्या, महाराजपूरला आणि पनिहारला. महाराजपूरला एलनबरो स्वतः हजर होता. ग्वाल्हेरच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, तोफांपाशीच मेले. इंग्रजांची आठशेच्या आसपास माणसं मेली-जखमी झाली. तरी दिवस मावळेपर्यंत ग्वाल्हेर हरलं होतं. जानेवारी १८४४ च्या तहाने संस्थानची फौज ९,००० वर आली, त्यात पायदळ ३,००० हून जास्त नाही. कंटिंजंट नावाची इंग्रज अधिकाऱ्यांची फौज वाढवली आणि तिचा खर्च ग्वाल्हेरच्या माथी मारला. लष्कर गाव राहिलं, लष्कर फौज उरलं नाही.

महाराजपूर-पनिहारला पकडलेल्या तोफांचा धातू वितळवून कलकत्त्याला हुगळीकाठी स्मारक उभारलं गेलं, १८४७ मध्ये. ग्वालियर मॉन्युमेंट. लोक त्याला मिरपुडीची डबी म्हणतात. त्याच काठावर, फार लांब नाही, प्रिन्सेप घाटाजवळ आणखी एक स्मारक आहे, १९२४ मधलं, पहिल्या महायुद्धात बुडालेल्या बंगाल-आसामच्या खलाशांचं. त्याचं नाव लास्कर मेमोरियल.

१८५७ मध्ये ग्वाल्हेरची ही कंटिंजंट मुरारला उठली, आणि तात्या टोपे तिला घेऊन कानपूरला गेले. १ जून १८५८ रोजी मुरारजवळ जयाजीरावांची उरलीसुरली फौजही राणी लक्ष्मीबाई, रावसाहेब पेशवे आणि तात्या यांना मिळाली. जयाजीराव आग्र्याला पळाले. पेशव्यांचं लष्कर लष्करात आलं ते त्या दोन-तीन आठवड्यांपुरतं. जूनच्या मध्यात राणी पडल्या, २० जूनपर्यंत किल्लाही इंग्रजांकडे गेला आणि पुढे अठ्ठावीस वर्षं त्यांनी तो सोडला नाही. १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत मिळाले. जयाजीराव त्याच वर्षी जूनमध्ये वारले.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत हे राज्य झालं, ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव त्याचे राजप्रमुख. संस्थानी फौजा भारतीय सैन्यात घ्यायच्या ठरल्या. ग्वाल्हेरची चौथी पायदळ पलटण कुमाऊँ रेजिमेंटमध्ये गेली, तिची चौदावी बटालियन झाली, नावापुढे कंसात ‘ग्वालियर’ एवढं राहिलं. १९७९ मध्ये मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री निघाली तेव्हा ती तिकडे पाचवी म्हणून गेली. लष्करातली ती पलटण आता भारताच्या लष्करात आहे.